घड्याळाची चाल आणि इतिहासाचा न्याय

डेव्हा सोबेल यांचें 'लाँजिट्यूड' (१९९५) व जोनाथन बेट्स यांचें 'टाइम रिस्टोअर्ड' (२००६) या दोन इंग्रजी ग्रंथांचा विचार प्रस्तुत लेखांत एकत्र करावयाचा आहे. पहिल्याचा नायक अठराव्या शतकांतील इंग्रज घड्याळकार जॉन हॅरिसन हा होय. दुसऱ्याचा नायक रूपर्ट गोल्ड हा असून, त्यानें हॅरिसनचीं मोडकळीस आलेलीं घड्याळें विसाव्या शतकांत पुन्हां चालतीं केलीं. पहिला ग्रंथ अनेक भाषांत गेला व सर्वतोमुखीं झाला. दुसऱ्याच्या वांट्यास तें भाग्य आलेलें नाहीं. परकीय घड्याळांशीं आमच्या इतिहाससंशोधकांस काय कर्तव्य, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, जुनें यंत्र हा जुन्या कागदासारखाच पुरावा आहे. तो वाचावा कसा, हा प्रश्न पहिल्या ग्रंथानें उपस्थित होतो आणि तो जपावा कसा, हा दुसऱ्यानें. आमच्या मतें पहिल्या प्रश्नाचें उत्तर श्रीमती सोबेल यांना नीट साधलेलें नाहीं. दुसऱ्याचें उत्तर श्रीयुत बेट्स यांच्या ग्रंथांत आहे, पण तें शोधून काढावें लागतें.

प्रथम मूळ प्रश्न थोडक्यांत सांगूं. समुद्रावर अक्षांश सूर्याच्या किंवा ध्रुवाच्या उंचीवरून काढतां येतो. रेखांशास तसें साधन नाहीं. पृथ्वी एका तासांत १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशास ४ मिनिटें लागतात. सोडलेल्या बंदराची वेळ दाखविणारें भरंवशाचें घड्याळ जहाजावर असेल, तर ती वेळ व सूर्यावरून काढलेली तेथील वेळ यांच्या अंतरावरून रेखांश निघतो. १७०७ सालीं सिली बेटांच्या खडकांवर इंग्रजी आरमाराचीं चार जहाजें फुटलीं व शेंकडों माणसें बुडालीं. पुढें १७१४ सालीं पार्लमेंटनें कायदा करून, वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रवासांत अर्ध्या अंशाच्या आंत रेखांश काढून देणारास २०,००० पौंडांचें बक्षीस लाविलें. अर्धा अंश म्हणजे घड्याळाचीं २ मिनिटें. प्रवास सुमारें ६ आठवड्यांचा. तेव्हां घड्याळास रोजची सूट सुमारें ३ सेकंदांची, म्हणजे अठ्ठावीस हजारांत एक इतकी, मिळत होती.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे. घड्याळाची चाल निराळी व घड्याळाची चूक निराळी. एखादें घड्याळ रोज नेमकें २० सेकंद पुढें जात असेल, तर तें वाईट घड्याळ नव्हे. चाळीस दिवसांनीं तें ८०० सेकंद पुढें असणार हें आधींच ठाऊक असतें. तितके वजा केले कीं खरी वेळ हातीं येते. उलट, जें आज ८ सेकंद पुढें व उद्यां ८ सेकंद मागें असें लहरीप्रमाणें चालतें, तें महिनाअखेर योगायोगानें अगदीं बरोबर दिसलें तरी त्याच्या भरंवशावर जहाज हांकतां येत नाहीं. आमच्या वाचकांस हा भेद परका वाटूं नये. सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इसवी सन निघतो. हें अंतर ठरलेलें असल्यामुळें सुहूर सनाच्या पत्रास कोणी चुकीच्या तारखेचें पत्र म्हणत नाहीं. ज्या कागदावर लेखकानें मनास येईल तो सन घातला, तो कागद मात्र आपण बाजूस ठेवितों. ठरलेलें अंतर हा दोष नव्हे. अंतराची अस्थिरता हाच दोष होय.

आतां या कसोटीवर हॅरिसनच्या चौथ्या घड्याळाच्या परीक्षा पाहूं. सुमारें १३ सेंटिमीटर व्यासाचें हें घड्याळ १७५९ सालीं पुरें झालें. त्यापूर्वींचीं तीन मोठीं यंत्रें करण्यांत हॅरिसनचीं जवळजवळ तीस वर्षें गेलीं होतीं. नोव्हेंबर १७६१ मध्यें त्याचा मुलगा विल्यम हें घड्याळ घेऊन 'डेप्टफर्ड' जहाजानें जमैकास निघाला. तेथें ८१ दिवसांच्या हिशेबांत घड्याळ अवघें ५ सेकंद मागें आढळलें, ही गोष्ट प्रत्येक लोकप्रिय पुस्तकांत असते. परंतु हे ५ सेकंद तबकडीवर दिसलेले नव्हेत. घड्याळ रोज सुमारें २⅔ सेकंद मागें पडतें असें धरून तितकी भर घातल्यावर जी चूक उरली, ती ५ सेकंदांची होती. भर न घालतां पाहिलें तर घड्याळ साडेतीन मिनिटांहून अधिक मागें होतें, आणि २ मिनिटांच्या अटींत तें बसलें नसतें. म्हणून सर्व प्रश्न असा होतो कीं, ही २⅔ सेकंदांची चाल कोणीं व केव्हां ठरविली? रेखांश-मंडळानें नेमका हाच आक्षेप घेतला: चाल प्रवासापूर्वीं मंडळापुढें ठरवून ठेविलेली नव्हती. शिवाय खुद्द जमैकाचा रेखांशही त्या काळीं पुरेसा निश्चित नव्हता. हे आक्षेप हॅरिसनला कांटेरी वाटले असतील. परंतु पुराव्याच्या दृष्टीनें ते रास्त आहेत. हातीं आलेल्या उत्तरावरून मागाहून गृहीत बसविणें इतिहासांत जितकें निषिद्ध, तितकेंच गणितांत.

दुसरी परीक्षा १७६४ सालीं झाली. विल्यमनें या खेपेस घड्याळाची चाल आधींच लिहून दिली व 'टार्टर' जहाजानें तो बारबाडोसला गेला. ४७ दिवसांच्या प्रवासानंतर चूक सुमारें ३९ सेकंदांची निघाली. अर्ध्या अंशाच्या मर्यादेच्या ती एक-तृतीयांशाहून थोडीच कमी होती. लोकप्रिय कथेंत जमैकाचे ५ सेकंद झळकतात आणि बारबाडोसचे ३९ सेकंद फिके पडतात. आमच्या मतें मूल्य उलट आहे. ५ सेकंदांमागें वादग्रस्त गृहीत आहे. ३९ सेकंदांमागें आधीं लिहून दिलेली चाल आहे. हॅरिसनचा खरा विजय हा दुसरा होय. श्रीमती सोबेल यांना चाल म्हणजे काय हें ठाऊक नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्या पुस्तकांत तिचा उल्लेख आहे. परंतु निवाडा करतांना ती कसोटी त्या हातांत धरीत नाहींत, आणि म्हणून त्यांच्या कथेंत मंडळाची प्रत्येक शंका हा छळ ठरतो.

याचा सर्वांत मोठा फटका नेव्हिल मॅस्केलाइन यास बसला आहे. १७६५ सालीं तो राजज्योतिषी झाला, व त्याच वर्षीं हॅरिसनला आपलें घड्याळ तज्ज्ञांच्या समितीपुढें पुरतें उघडून दाखवावें लागलें. पुढें मे १७६६ पासून मार्च १७६७ पर्यंत मॅस्केलाइननें ग्रीनिच येथें घड्याळाची परीक्षा घेतली. तें दिवसाकांठीं २० सेकंदांपर्यंत पुढें जात असे. वेस्ट इंडीजच्या सहा आठवड्यांच्या प्रवासांत हें घड्याळ एका अंशाच्या आंत रेखांश राखील असा भरंवसा धरतां येत नाहीं, असा निष्कर्ष त्यानें १७६७ सालीं छापून प्रसिद्ध केला. हॅरिसननेंही त्याच वर्षीं छापील उत्तर दिलें. श्रीमती सोबेल मॅस्केलाइनला खलनायक म्हणत नाहींत, प्रतिनायक म्हणतात. परंतु प्रसंगांची मांडणी अशी कीं वाचकाच्या मनांत पहिलाच शब्द उरतो. २००० सालच्या दूरचित्रवाणीवरील नाट्यरूपांतरानें तो अधिकच पक्का केला.

या प्रकरणीं दोन्ही बाजूंस कांहीं देणें लागतें. रोज २० सेकंद पुढें जाणें हा वर सांगितल्याप्रमाणें स्वतः दोष नव्हे. म्हणून केवळ तो आंकडा पुढें करून घड्याळ वाईट होतें असें मॅस्केलाइनचा कैवारी म्हणेल तर तें टिकणार नाहीं. पण तितकाच पोकळ युक्तिवाद हॅरिसनच्या कैवाऱ्यांचा आहे, कीं समुद्रावर उत्तम चाललेलें घड्याळ ग्रीनिचला बिघडलें तें राजज्योतिष्याच्या आकसामुळें. मधल्या काळांत तें पूर्ण उघडून पुन्हां जोडलें गेलें होतें, आणि उघडून जोडलेलें घड्याळ नव्यानें समायोजित केल्यावांचून पूर्वींच्या चालीनें चालत नाहीं, हें कोणताही घड्याळजी सांगेल. खरी तपासणी रोजच्या चालीतील फरकांची व्हावयास हवी. मॅस्केलाइननें तुलनेचे आंकडे छापून ठेविले, हें त्याचें श्रेय. ज्याला संशय असेल त्यानें ते पुन्हां मांडून पाहावे. त्याचा दोष निराळा आहे. चंद्राच्या ताऱ्यांपासूनच्या अंतरावरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचा तो पुरस्कर्ता होता. त्यासाठीं लागणारें नाविक पंचांग १७६७ सालापासून त्याच्याच देखरेखीखालीं निघूं लागलें. प्रतिस्पर्धी पद्धतीच्या पुरस्कर्त्यानें न्यायासनावर बसावयास नको होतें. हा दोष रीतीचा आहे, दुष्टपणाचा नव्हे.

पुस्तकाच्या उपनामांत हॅरिसनला 'एकाकी' प्रतिभावंत म्हटलें आहे, तेंही आम्हांस मान्य नाहीं. प्रख्यात घड्याळकार जॉर्ज ग्रॅहॅम यानें त्याला बिनव्याजी पैसे दिले. मंडळानें वर्षानुवर्षें अनुदानें दिलीं. जॉन जेफरीजनें १७५३ सालीं हॅरिसनच्या कल्पनेनुसार खिशांतलें घड्याळ करून दिलें, आणि त्यावरूनच चौथ्या घड्याळाची दिशा सुचली. लार्कम केंडॉलनें १७६९ सालीं केलेली प्रतिकृति कॅप्टन कुकनें १७७२ ते १७७५ च्या सफरींत वापरली. परंतु त्या सफरींत चांद्र अंतराचे वेधही घेतले जातच होते. पुढें सामान्य जहाजांस परवडणारीं घड्याळें झालीं तीं जॉन अर्नोल्ड व टॉमस अर्नशॉ यांच्या निराळ्या व सोप्या रचनेचीं. आणि घड्याळ कितीही चांगलें असलें तरी त्याची चाल बंदरोबंदरीं वेधांनीं तपासावीच लागे. मुंबईची कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं उभारली, तिच्या मूळ उद्देशांत बंदरांतील जहाजांसाठीं अचूक वेळ राखणें हा होता. घड्याळ व आकाश हीं एकमेकांचीं शत्रु नव्हतीं. एकाची चूक दुसऱ्यानें काढावयाची होती. भाषेचा प्रसाद व कथनाची गति हे श्रीमती सोबेल यांचे गुण आम्ही मनःपूर्वक मान्य करतों. परंतु तळटीपा त्यांनीं हेतुपुरस्सर गाळल्या आहेत; त्यामुळें कोणता आंकडा गृहीतासह आहे व कोणता गृहीतावांचून, हें वाचकाला तपासतां येत नाहीं.

श्रीयुत बेट्स यांचा ग्रंथ याच्या उलट स्वभावाचा आहे. ते ग्रीनिच वेधशाळेंत घड्याळसंग्रहाचे अभिरक्षक होते. हॅरिसनचीं यंत्रें त्यांच्या हाताखालून गेलेलीं. त्यांचा नायक रूपर्ट गोल्ड (१८९०–१९४८) हा आरमारी अधिकारी. १९१४ सालीं महायुद्धाच्या आरंभींच त्याची मनःप्रकृति ढांसळली व पुढें आरमाराच्या जलमापन खात्यांत तो लेखणीचें काम करूं लागला. घड्याळजीचें शिक्षण त्यानें कधींच घेतलें नव्हतें. १९२० सालीं हॅरिसनचीं घड्याळें ग्रीनिचला काळीं पडून, कळकून बंद अवस्थेंत होतीं. तीं साफ करण्याची परवानगी त्यानें मागितली व ती मिळाली. पुढें सुमारें तेरा वर्षें, बहुतेक फावल्या वेळांत व मोबदल्यावांचून, त्यानें हें काम केलें. १९२३ सालीं त्याचा नाविक घड्याळांवरील इतिहासग्रंथ निघाला, तो आजही प्रमाण मानला जातो. एकट्या तिसऱ्या यंत्रावर त्याचीं सात वर्षें गेलीं. पहिलें यंत्र १९३३ सालीं पुन्हां चालूं लागलें. या छंदाची किंमतही त्यानें भारी दिली; १९२७ सालीं त्याचा संसार न्यायालयांत विभक्त झाला, त्याच्या कारणांत हें वेड होतेंच.

हौशी माणसानें घरीं बसून राष्ट्राचा ठेवा उघडावा, ही गोष्ट आज कोणतेंही संग्रहालय खपवून घेणार नाहीं. गोल्डनें हरवलेल्या भागांच्या जागीं नवे भाग घातले. पहिल्या यंत्रांत तर असे भाग पुष्कळ आहेत. आजच्या जतनाच्या नियमांस त्याचीं कित्येक कामें उतरणार नाहींत. मग त्याला दोषी कां ठरवूं नये? आमच्या मतें याचें उत्तर त्याच्या अठरा वह्यांत आहे. कोणता स्क्रू कोठून काढला, कोणतें चाक कसें आढळलें, काय नवें घातलें, याची नोंद त्यानें आकृतींसह लिहून ठेविली. त्यामुळें हॅरिसन कोठें संपतो व गोल्ड कोठें सुरू होतो, हें नंतरच्या अभ्यासकाला बव्हंशीं सांगतां येतें. पोथींत नवी ओळ घालणाऱ्या नकलकारापेक्षां, गळलेला मजकूर कंसांत घालून तळाशीं टीप देणारा संपादक आपण निराळा मानतों. गोल्ड या दुसऱ्या वर्गांतला.

श्रीयुत बेट्स यांच्या ग्रंथाविषयीं आमची तक्रार अशी कीं, हा मुद्दा त्यांनीं ठळक केला नाहीं. गोल्डला समुद्रसर्प, लॉक नेसचा प्राणी, टंकयंत्रें, इतिहासांतील चमत्कारिक गोष्टी अशा अनेक विषयांचा नाद होता व त्यांवर त्यानें पुस्तकेंही लिहिलीं. चरित्रकारानें तें सर्व सांगणें समजूं शकतें. परंतु त्या गर्दींत दुरुस्ती व पुरावा यांचा संबंध हा मुख्य विषय मधूनमधून हरवतो. मात्र ज्यास तो शोधण्याचा धीर आहे त्यास या ग्रंथांत भरपूर साधन मिळेल, आणि प्रत्येक विधानास आधार दिलेला मिळेल.

हा प्रश्न संग्रहालयापुरता नाहीं. आपल्याकडे अनेक घरांत आजोबांचें मनगटी घड्याळ पेटींत पडलेलें असतें, व अलीकडे तीं स्वतः उघडून दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींची संख्या वाढत आहे. हा नाद चांगला आहे. परंतु वरील दोन्ही धडे त्यांनीं ध्यानांत ठेविले पाहिजेत. जुनें मनगटी घड्याळ बहुधा सेकंदास ५ ठोके, म्हणजे दिवसास ४,३२,००० ठोके देतें. हॅरिसनच्या चौथ्या घड्याळाचा वेगही हाच. आंदोलन करणाऱ्या चाकाच्या बारीक कमानीची कामाची लांबी कमीजास्त करणारी एक लहान दांडी आंत असते. रोज ३० सेकंद मागें पडणारें घड्याळ ही दांडी किंचित् सरकवून बरोबर करतां येतें, आणि नवशिक्यास वाटतें कीं दुरुस्ती झाली. वस्तुतः त्यानें चाल बदलली. अस्थिरता तशीच राहिली. तेल दाटलें असेल, मुख्य कमान शिणली असेल, आंस झिजला असेल किंवा बारीक कमान चुंबकित होऊन तिचे वेढे एकमेकांस चिकटत असतील, तर चावी भरलेली असतां एक चाल व उतरत आली असतां दुसरी, उताणें ठेवल्यास एक व उभें ठेवल्यास दुसरी, असा प्रकार होत राहतो. ठोके ऐकून चाल दाखविणारें विद्युत्-यंत्र आतां स्वस्तांत मिळतें. तें त्या क्षणाची चाल सांगतें, दिवसाची नव्हे. म्हणून घड्याळ उघडण्यापूर्वीं निदान आठ दिवस एकाच वेळीं तपासून रोजचा फरक लिहून ठेवावा. फरक ठराविक असेल तर दांडीचें काम. फरक रोज निराळा असेल तर साफसफाईचें व तेलाचें.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा. बंगळूर येथें १९६१ सालापासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें एच.एम.टी. कारखान्यांत मनगटी घड्याळें होऊं लागलीं. घड्याळांचा तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला, आणि त्यानंतर जुन्या घड्याळांस मागणी वाढली. बाजारांत आज अशीं पुष्कळ जुनीं घड्याळें येतात, ज्यांची तबकडी नव्यानें भडक रंगविलेली, कांटे एकाचे, यंत्र दुसऱ्याचें व पेटी तिसऱ्याची असते. परदेशांतील संग्राहकांत अशा मालास 'मुंबई स्पेशल' असें नांवच पडलें आहे. आमच्या शहराचें नांव बनावटीस लागावें ही शरमेची गोष्ट आहे. पण त्याहून मोठी हानि पुराव्याची. तें घड्याळ कोणत्या सालचें, कोणासाठीं केलेलें, तबकडीवर मूळ कोणती लिपि होती, हें एकदां रंग चढला कीं कायमचें बुजतें. जुन्या सरदार-घराण्यांतील विलायती घड्याळांचीही हीच अवस्था होऊं शकते. दागदागिन्यांची यादी होते, कागदांची सूचि होते. घड्याळ मात्र दुरुस्तीस दिलें जातें व त्याजबरोबर त्याचा इतिहास पुसला जातो.

घरीं दुरुस्ती करूं नये असा आमचा अभिप्राय नाहीं. गोल्ड नसता तर हॅरिसनचीं यंत्रें आणखी कळकलीं असतीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, उघडण्यापूर्वीं टिपण व्हावें, काढलेला जुना भाग टाकून न देतां चिठ्ठी बांधून ठेवावा, तबकडीस शक्यतों हात लावूं नये, आणि झालेली दुरुस्ती लपवूं नये. आज ग्रीनिच येथें हॅरिसनचीं पहिलीं तीन यंत्रें चालतीं ठेविलेलीं आहेत. चौथें, म्हणजे ज्यानें प्रश्न सोडविला तें, मुद्दाम बंद ठेविलें आहे. पहिल्या तिहींस तेल लागत नाहीं. चौथ्यास लागतें, व चालत राहिल्यास तें झिजेल. अचूकपणासाठीं जन्मास आलेलें यंत्र जपण्यासाठीं थांबविणें हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें. परंतु त्या घड्याळाचें काम आतां वेळ सांगण्याचें राहिलेलें नाहीं. तें साक्ष देण्याचें आहे, आणि साक्षीदारास झिजवून त्याची साक्ष घेतां येत नाहीं.